अपघातग्रस्त गाडीचा सांगाडा विमा कंपनीला द्यावा की स्वतःकडे ठेवावा?

दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या (पॉलिसीत नोंदवलेल्या गाडीच्या विमामूल्याच्या) 75 टक्क्यांपलीकडे गेला की विमा कंपनी मोटार संपूर्ण हानी धरते, आणि एमएच-15 क्रमांकाच्या जुन्या गाडीच्या मालकापुढे दोन पर्याय उरतात. सांगाडा कंपनीला दिल्यास अनिवार्य वजावट (दाव्यात मालकाने स्वतः सोसायची ठरावीक रक्कम) वगळून आयडीव्हीची रक्कम मागता येते. तो स्वतःकडे ठेवल्यास भंगारमूल्यही वजा होते, आणि खरी घासाघीस इथेच करावी लागते. कंपनीने धरलेला भाव फुगवलेला वाटला, तर नाशिकमधल्या दोन-तीन भंगार व्यापाऱ्यांचे लेखी दर नुकसान मोजणाऱ्या सर्वेक्षकापुढे ठेवावेत. विक्रीची दगदग पाहता मला पहिला पर्याय अधिक रास्त वाटतो. मात्र पाच वर्षांहून जुन्या गाडीचा आयडीव्ही परस्परसंमतीने ठरत असल्याने त्याविषयीचा आग्रह पॉलिसीच्या नूतनीकरणाच्या वेळीच धरायला हवा.