थॉमस-किलमन प्रश्नावली: नर्सिंगच्या वर्गात कितपत उपयोगी?

केनेथ थॉमस आणि राल्फ किलमन यांची १९७४ सालची ही प्रश्नावली. विधानांच्या ३० जोड्या, प्रत्येकीतून अ किंवा ब निवडायचं. साधारण पंधरा मिनिटं लागतात. वाद झाला की आपण अडून बसतो, नमतं घेतो, टाळतो, मधला मार्ग काढतो की मिळून तोडगा शोधतो, हे प्रत्येकी ० ते १२ गुणांत दिसतं.

नर्सिंगच्या विद्यार्थ्यांसाठी खरं मोल ‘टाळणे’ या रकान्याचं. सिनियर सिस्टर ओरडल्या की मुलं गप्प होतात, आणि ड्यूटी बदलताना “सिस्टर, दोनचं इंजेक्शन दिलंय ना?” हे विचारायचंही राहून जातं. भोगतो पेशंट.

घोटाळा होतो तो गुणांना निकाल समजल्यामुळे. लगेच “तू भांडखोर” असा शिक्का बसतो. खरं तर डोस चुकीचा वाटला तर अडून बसायलाच हवं. सुट्टीच्या अदलाबदलीत नमतं घेतलेलं चालतं.

मोठी उणीव म्हणजे सगळी उत्तरं स्वतःबद्दलची, शांत डोक्याने दिलेली. म्हणून वॉर्डातला शेवटचा वाद आठवूनच ती भरायला सांगावीत, मग जोडीजोडीने रोल-प्ले घ्यावा. आणि कुणाचेही गुण वर्गात मोठ्याने वाचू नयेत.