महारेरा एजंट नोंदणी: आठ महिने वापरून झाल्यावर (आणि तीन शिक्क्यांची भानगड)

महारेरा म्हणजे राज्यातल्या बिल्डरांवर आणि घरांच्या दलालांवर लक्ष ठेवणारं सरकारी प्राधिकरण, त्यांच्याकडं एजंट म्हणून नाव नोंदवून मला आठ महिने झाले. हे लिहायचं कधीपासून डोक्यात होतं पण मागच्या रविवारी जे झालं त्यानंतर म्हणलं आता लिहूनच टाकते. विजापूर रोडच्या एका स्कीममधला फ्लॅट बघायला एक काका-काकू आले होते, रिटायर्ड, त्यांचा मुलगा पुण्यात. सगळं पसंत पडलं, काकूंनी तर देवघर कुठं येईल ते पण ठरवून टाकलं. संध्याकाळी मुलाचा मेसेज: "मॅडम, तुमचं नाव महारेराच्या साइटवर टाकून बघितलं, काहीच येत नाही. तुमचं रजिस्ट्रेशन खरं आहे ना?" मी इकडं भाकरी थापत होते, तवा तसाच राहिला आणि माझं डोकंच तापलं. दहा हजार फी भरली, वीस तासांचं ट्रेनिंग केलं, परीक्षा दिली, आणि हा पोरगा मला बोगस म्हणतोय!

चूक त्याची नव्हती. तो माझं सासरचं नाव शोधत होता, आणि माझं लायसन आहे माहेरच्या नावाने.

तर लायसन घ्यावं का, कसं घ्यावं हे तुम्हाला बाकी ठिकाणी वाचायला मिळेलच. आधी ट्रेनिंग, मग परीक्षा, मग पास झाल्याचं सर्टिफिकेट लावून नोंदणीचा अर्ज, एकट्या माणसाला फी दहा हजार, कंपनी किंवा फर्म असेल तर एक लाख, मुदत पाच वर्षं. हे सगळ्यांना माहीतच आहे. मला बोलायचंय ते नावाबद्दल आणि शिक्क्याबद्दल, कारण त्याबद्दल मला आधी कुणी एक शब्द सांगितला नाही.

माझी पार्श्वभूमी थोडक्यात. अकरा वर्षं विमा एजंट आहे. विम्याच्या हप्त्याला घरोघरी जायचे त्यात आपोआप कळायचं की कुणाला घर विकायचंय, कुणाला जुळे सोलापुरात घ्यायचंय. तीन-चार सौदे जुळवून दिले. एका बिल्डरकडे गिऱ्हाईक नेलं, फ्लॅट बुक झाला, आणि मला काय मिळालं तर दिवाळीला एक साडी आणि काजूकतलीचा बॉक्स. साडी पण नेसायच्या लायकीची नव्हती, सासूबाईंनी ती वाणाला देऊन टाकली. तिथं ठरवलं की आता रीतसर करायचं.

ट्रेनिंग बरं होतं, खोटं कशाला बोलू. मला वाटलेलं की नुसते कलम वाचून दाखवतील, पण शिकवणाऱ्या सरांनी कार्पेट एरिया फळ्यावर घर काढून समजावला, की आतल्या पार्टिशनच्या भिंती धरायच्या, बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी धरायच्या नाहीत. मी घरी येऊन आमच्याच फ्लॅटला टेप लावला. बारा वर्षं ज्याला आम्ही ९५० चा फ्लॅट म्हणतोय तो त्या हिशोबाने ६४० च्या आसपास निघाला. आमचे हे म्हणाले, "आता मोजून काय उपयोग, कर्ज फिटलं की." तरी दोन दिवस जेवताना गप्पच होते.

परीक्षेला मला सेंटर पुण्याचं आलं. पहाटे उठून हुतात्मा एक्स्प्रेस पकडली, डब्यात शेंगाची चटणी आणि कडक भाकरी, शेजारी एक कॉलेजची मुलगी एमपीएससीचं पुस्तक घेऊन बसलेली, ती मला विचारते "काकू तुमची पण परीक्षा?" पेपर मराठीत देता येतो, पर्याय निवडायचे प्रश्न असतात, ट्रेनिंगमध्ये झोप काढली नसेल तर अवघड नाही. पास झाले. ट्रेनिंग, परीक्षा, प्रवास मिळून आठ हजारांच्या आतबाहेर गेले. इथपर्यंत माझी काही तक्रार नाही.

तक्रार इथून पुढं. अर्ज भरताना बाकी कागदांबरोबर तुमचं लेटरहेड, तुमचा शिक्का आणि पावतीचा नमुना पण जोडावा लागतो. म्हणजे धंदा सुरू व्हायच्या आधी शिक्का पाहिजे! मी नव्या पेठेत जाऊन लाकडी मुठीचा शिक्का करून घेतला, दीडशे रुपये. झोकात "सौ." लावून सासरचं पूर्ण नाव, खाली "रिअल इस्टेट एजंट, सोलापूर". अर्ज भरायला एकजण गाठला होता, तो अशी कामं करून देतो, त्याने हजार रुपये घेतले. त्याला मी दोनदा विचारलं की माझं पॅन माहेरच्या नावाने आहे आणि आधार सासरच्या, काही अडचण येईल का. (आधी दोन्ही माहेरच्याच नावाने होते, लिंक तेव्हाच झालं, नंतर रेशनकार्डासाठी आधार बदललं, पॅन राहिलं ते राहिलंच.) तो मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाला, "चालतंय ओ ताई." त्याने अर्जात नाव टाकलं पॅनवरचं, आणि शिक्का, लेटरहेड, पावती सगळी जोडली सासरच्या नावाची. अर्ज परत आला. साहजिक आहे, कुणीही परत पाठवेल, एकाच अर्जात दोन बायका! त्याला फोन केला तर म्हणे दुरुस्तीचे पाचशे वेगळे. मी म्हणलं तुझे पाचशे तुझ्यापाशी ठेव, आणि भाच्याला बसवून दोन रात्रीत स्वतः भरला. तुम्हाला पण हेच सांगेन, फॉर्म स्वतः भरा, पॅन समोर ठेवा आणि अक्षर न अक्षर तसंच लिहा.

शिक्का नंबर दोन. पॅनप्रमाणे माहेरचं नाव, वडिलांचं नाव मधे. आणखी दीडशे. लेटरहेड नवीन, पावतीपुस्तक नवीन, शंभर पानांचं जुनं पुस्तक मुलीच्या गणिताला गेलं. यावेळी नोंदणी झाली, नंबर आला, सुरुवातीला ए, मग सोलापूर जिल्ह्याचा ५२६, पुढं आकडे. सर्टिफिकेट धंद्याच्या जागी दर्शनी भागात लावायचं असतं, माझी धंद्याची जागा म्हणजे आमचा हॉल, म्हणून १८० रुपयांची फ्रेम करून सिद्धेश्वर महाराजांच्या फोटोशेजारी लावलं. सासूबाई आल्यागेल्याला दाखवतात पण एकदा बारीक आवाजात म्हणाल्याच, "व्हय गं, नाव बार्शीचंच ठेवलीस?" (बार्शी माझं माहेर.) काय सांगू त्यांना, मी नाही ठेवलं, इन्कम टॅक्सवाल्यांनी ठेवलंय.

आणि आता गंमत बघा. नंबर मिळाल्यावर तो प्रत्येक कागदावर, जाहिरातीवर, पावतीवर टाकायचा असतो. पण नंबर मिळायच्या आधी केलेल्या शिक्क्यावर नंबर कुठून असणार? म्हणजे शिक्का नंबर तीन. यावेळी वैतागून सेल्फ इंकवाला घेतला, चारशे. शिक्केवाला आता मला ओळखतो, म्हणाला, "ताई, किती शिक्के करलालाव ओ, ग्रामपंचायत काढलाव का काय?" हसले मी, पण घरी येताना रिक्षात हिशोब करत होते, नुसत्या शिक्क्यांवर सातशे रुपये. सातशे! सातशेत महिन्याची शेंगाची चटणी येते घरात.

पहिले चार महिने तर मला वाटत होतं की पैसे पाण्यात गेले. माझ्याकडं येणारी बरीच कामं जुन्या फ्लॅटच्या रिसेलची, आणि रिसेलला या लायसनची गरजच नाही. हे ट्रेनिंगच्या पहिल्याच दिवशी कळलं होतं, पण तोवर ट्रेनिंगचे पैसे भरून झाले होते. दुसरी कामं यायची ती अक्कलकोट रोड नाहीतर होटगी रोडच्या पलीकडच्या गुंठ्यांची. विमान सुरू झाल्यापासून त्या बाजूला जो उठतो तो "एअरपोर्टपासून दहा मिनिटं" म्हणून प्लॉट विकतोय. मी कागद मागायला लागले. एनए म्हणजे बिगरशेतीचा कागद कुठंय, लेआउट मंजूर आहे का, रेरा नंबर कुठंय, पाचशे स्क्वेअर मीटरच्या वरचं प्लॉटिंग असेल तर नोंदणी लागते. उत्तर यायचं, "मॅडम ते प्रोसेसमध्ये हाय." नोंदणी नसलेल्या प्रोजेक्टला माझ्यासारख्या नोंदणीकृत एजंटने हात लावायचा नाही. मी हात जोडून परत यायचे, आणि सात रस्त्याच्या टपरीवर बसणारे आमचे बंधू तोच प्लॉट आठ दिवसात विकून मोकळे. त्यांच्यातला एकजण मला म्हणाला, "वहिनी, लायसन काढून काय मिळवलाव? आम्ही बघा की, बिनलायसनचं करलालोय." लायसन नसताना असं काम केलं तर दिवसाला दहा हजार दंड, मालमत्तेच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत, हे मी त्याला सांगितलं. त्याने मला चहा पाजला. तेव्हा मी हा रिव्ह्यू लिहिला असता तर दोन स्टार दिले असते आणि वर लिहिलं असतं की दहा हजार भरून नाही म्हणायचा परवाना मिळतो.

पाचव्या महिन्यात मत बदललं. विजापूर रोडचीच स्कीम, फ्लॅट ३८ लाखांचा, गिऱ्हाईक माझ्या विम्याच्या ओळखीतलं. बिल्डरच्या ऑफिसातला माणूस गिऱ्हाइकाला म्हणाला की आत्ता वीस टक्के भरा, अॅग्रीमेंटचं नंतर बघू. मी तिथंच म्हणलं की अॅग्रीमेंट रजिस्टर झाल्याशिवाय दहा टक्क्यांच्या वर घेता येत नाही, रेरा कायद्याचं कलम १३. आवाज जरा कापला माझा, पण म्हणलं. त्याने माझ्याकडं बघितलं, माझ्या कार्डावरचा नंबर बघितला, आणि आत जाऊन आला. "बरं मॅडम, आधी अॅग्रीमेंट करून घेऊ." एवढंच. गिऱ्हाइकाने बाहेर आल्यावर मला मठ्ठा पाजला, आणि नंतर आणखी दोन माणसं पाठवली.

मग दलालीचं बिल. दीड टक्का ठरलेला, ५७ हजार. लेटरहेडवर बिल केलं आणि घाईत शिक्का मारला तो पहिला, सौ. वाला! (तिन्ही एकाच ड्रॉवरमध्ये.) त्यांच्या अकाउंटंटचा फोन, "मॅडम, बिल एका नावाचं, शिक्का दुसऱ्या नावाचा, टीडीएस कुणाच्या नावाने भरू?" परत बिल, परत शिक्का. आठ दिवसांनी खात्यात ५५,८६० जमा, दोन टक्के टीडीएस कापून. साडी नाही, काजूकतली नाही, बँकेत पैसे! मी तो मेसेज तीनदा वाचला आणि मग यांना वाचायला दिला. यांनी पण चष्मा लावून वाचला.

तेव्हा पहिल्यांदा नीट हिशोब मांडला. दहा हजार पाच वर्षांना, म्हणजे महिन्याला १६७, दिवसाला साडेपाच रुपये. टपरीवरच्या चहापेक्षा कमी. ट्रेनिंग, परीक्षा, शिक्के, फ्रेम, त्या फॉर्मवाल्याचे बुडालेले हजार, सगळं धरून वीस हजारांच्या आसपास गेलं असेल, ते एका सौद्यात निघालं. त्यामुळे चार स्टार. पाचवा शिक्क्यासाठी कापलाय आणि तो मी देणार नाही.

ज्यांना घ्यायचंय त्यांच्यासाठी, बायकांसाठी तर खास: आधी पॅन आणि आधार एका नावाने करून घ्या, कुठल्या का असेना. धंदा करताना लोक ज्या नावाने ओळखतात ते नाव असलं तर बरं. माझी गिऱ्हाइकं मला सासरच्या आडनावाने ओळखतात, साइटवर मी माहेरची, मग पुण्याचा पोरगा मला चोर समजणारच. त्याला मी नंतर नंबर पाठवला, म्हणलं नावाने नको, नंबरने शोध. शोधलं त्याने. माझी माहिती निघाली, आणि त्याचा मेसेज, "सॉरी मॅडम, पण हे नाव तर वेगळं आहे?" मग पॅनचा फोटो, लग्नाच्या सर्टिफिकेटचा फोटो, सगळं पाठवलं. लग्नाला चौदा वर्षं झाली, एवढी चौकशी तर माझ्या सासऱ्यांनी पण केली नव्हती.

एक मात्र कबूल करते. पॅनच बदलून सासरचं करून टाकू असं यांनी सुचवलं, फॉर्म पण काढून आणला, आणि तो महिनाभर टीव्हीखाली पडून आहे. बार्शीला गेले तेव्हा सर्टिफिकेटची झेरॉक्स दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना दाखवली. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्याच्या पेढीवर दिवाणजीगिरी केली. ते काही बोलले नाहीत, फक्त माझं नाव जिथं आहे तिथं, मधल्या त्यांच्या नावावरून अंगठा फिरवला आणि मग विचारलं, "ह्याला लॅमिनेशन करत्यात का?" त्यामुळं फॉर्म अजून भरला नाही.

अपडेट: काका-काकूंनी काल फ्लॅट बुक केला, दहा टक्क्यांच्या आतच भरलेत. पावती मुलाने स्वतः तपासली, शिक्का नंबर तीन होता. पहिला शिक्का मुलीने पळवलाय, दूधवाल्याच्या वहीत रोज सकाळी मारते, तो बिचारा म्हणतो, "वहिनी, आता रोज सरकारी पावती देऊ लागल्या काय?" पॅन न बदलता साइटवर दोन्ही नावं दिसतील असं कुणी करून घेतलंय का, असेल तर सांगा. चौथ्या शिक्क्याचे पैसे मी देणार नाही.