चार कुंड्या, अठरा महिने: फुलझाडांच्या वापरानंतरचा अनुभव

दीड वर्षापूर्वी, ऐन थंडीत, एकाच दिवशी चार कुंड्या घरी आणल्या: फॅलेनॉप्सिस ऑर्किड, अडेनियम, आफ्रिकन व्हायोलेट आणि पॉइन्सेटिया. चारही फुललेल्या, आणि चारही कुंड्यांत एकाच मजकुराची चिठ्ठी खोचलेली: 'भरपूर उजेड, बेताचं पाणी.' त्या चिठ्ठीवर विसंबून पहिल्या पाच महिन्यांत मी एक झाड मारलं, दुसरं मरता मरता वाचवलं, तिसऱ्याची निम्मी मुळं कुजवली. चौथं जगलं, पण त्यावर फुलासारखं काही दिसायला पुढची थंडी यावी लागली.

घोळ 'बेताचं' या शब्दात आहे. यातलं एक झाड जंगलात दुसऱ्या झाडाच्या फांदीवर राहणारं, एक रखरखीत खडकाळ माळावरचं, एक डोंगरातल्या सावलीच्या खडकांवरचं आणि एक चांगलं दोन पुरुष उंच वाढणारं झुडूप. या चौघांना एकाच झारीनं, एकाच दिवशी पाणी घालणारा मी. निकाल काय लागणार ते उघड होतं, फक्त मला दिसत नव्हतं.

आधी ऑर्किडबद्दल, कारण लोक सर्वांत जास्त घाबरतात ते त्याला, आणि मला शेवटी सर्वांत कमी त्रास त्यानंच दिला. फॅलेनॉप्सिस म्हणजे पतंगासारखं दिसणारं. हे नाव कार्ल ब्लूम या वनस्पतिशास्त्रज्ञानं १८२५ मध्ये दिलं. त्याआधी १७५३ मध्ये स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसनं यातल्या पांढऱ्या जातीच्या नावात 'लोभस' या अर्थाचा लॅटिन शब्द घातला होता, तो ॲमाबिलिस या रूपात अजून टिकून आहे. नाव देणारे फुलावर भाळले हे दिसतंच. मीही भाळलो. सांभाळायची असतात ती मात्र मुळं.

हे झाड मातीत वाढतच नाही. फिलिपिन्स, बोर्निओ, जावापासून न्यू गिनीपर्यंतच्या दमट जंगलांत ते मोठ्या झाडांच्या फांद्यांना धरून राहतं. बांडगुळासारखं रस शोषत नाही, नुसता आधार घेतं. त्याच्या मुळांवर मेलेल्या पेशींचं स्पंजासारखं आवरण असतं. पाऊस ओघळून जाताना तेवढ्यात ते पाणी टिपून घेतं आणि मग वाऱ्यावर सुकतं. भिजणं आणि सुकणं, दोन्ही हवं. माझं झाड शेवाळात घट्ट कोंबलेलं, ते प्लॅस्टिकच्या कुंडीत, आणि ती कुंडी भोक नसलेल्या शोभेच्या भांड्यात. वरून शेवाळ कोरडं दिसायचं म्हणून मी पाणी घालायचो. खाली डबकं.

तिसऱ्या महिन्यात फुलं गळाल्यावर झाड उपसून पाहिलं, तर निम्मी मुळं तपकिरी, पोकळ, बोटानं दाबली की साल सुटून आत नुसता दोरा. ती सगळी कापली. उरलेलं झाड पाईनच्या सालीचे तुकडे आणि थोडा कोळसा घालून पारदर्शक कुंडीत लावलं. ही पारदर्शक कुंडी म्हणजे माझी दीड वर्षातली सर्वांत शहाणपणाची खरेदी. मूळ कोरडं असताना रुपेरी दिसतं आणि ओलं झालं की हिरवं, त्यामुळे पाणी कधी घालायचं ते झाडच सांगतं. बहुतेक मुळं रुपेरी झाली की कुंडी दहा मिनिटं पाण्यात ठेवायची, पूर्ण निथळू द्यायची, संपलं. वार ठरवून पाणी घालणं तेव्हापासून बंद.

पानांच्या मध्ये, शेंड्याच्या खाचेत पाणी साचू द्यायचं नाही, हे सगळेच सांगतात. त्याचं कारण कळल्यावर मात्र ते कायमचं डोक्यात बसलं. जंगलात हे झाड फांदीवरून तिरकं किंवा उलटं लोंबतं, त्यामुळे खाचेत थेंब राहतच नाही. आपण त्याला कुंडीत सरळ उभं करतो आणि मग शेंडा कुजला म्हणून नशिबाला बोल लावतो. चुकून पाणी पडलंच तर कागदाच्या टोकानं टिपून घ्यावं.

पुन्हा फुलवण्याची गोष्ट. उन्हाळाभर नवी पानं आली, जाड, चकचकीत, पण फुलांचा दांडा काही सुटेना. खतावर खत घातलं. उपयोग शून्य, कारण अडचण खताची नव्हतीच. या झाडाला सलग काही आठवडे गारवा लागतो, दिवसाचं तापमान २५ अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा त्याखाली. ते २८ च्या वर राहिलं की झाड खुशाल पानं काढत बसतं. थंडी सुरू झाल्यावर कुंडी उघड्या खिडकीपाशी सरकवली, तर महिन्याभरात पानाच्या बेचक्यातून हिरवं टोक डोकावलं. ते मूळ की दांडा यावर घरात दोन दिवस वाद. मुळाचं टोक गोल गुळगुळीत असतं, दांड्याचं थोडं चपटं, बोटमोजा घातल्यासारखं. दांडा होता. तिथून पहिलं फूल उमलायला जवळपास तीन महिने गेले. मधल्या काळात पाहुण्यांना दाखवायला म्हणून कुंडी उचलून दिवाणखान्यात आणली आणि तीन कळ्या पिवळ्या पडून गळाल्या. कळ्या आल्यावर जागा बदलू नये, एवढंच त्यातून शिकलो. उरलेल्या सात उमलल्या. पहिल्या खेपेची फुलं तीन महिने टिकली होती, या खेपेचीही तेवढीच टिकतायत.

ऑर्किड एके काळी फक्त धनाढ्यांचा शौक होता, यामागे त्याचं बी आहे. ते धुळीसारखं बारीक, आणि त्यात कोंबासाठी शिदोरीच नसते. निसर्गात विशिष्ट बुरशीनं पोसल्याशिवाय ते रुजत नाही. वनस्पतिशास्त्रज्ञ लुईस नडसन यांनी १९२२ मध्ये साखर आणि अगार (समुद्री शेवाळापासून मिळणारा जेलीसारखा पदार्थ) घातलेल्या माध्यमावर ते बुरशीविना रुजवून दाखवलं. पुढं ऊतीसंवर्धन, म्हणजे झाडाच्या छोट्याशा तुकड्यापासून प्रयोगशाळेत रोपं वाढवणं, आलं आणि आज माझ्यासारख्या धसमुसळ्या माणसाच्या हातातही ते पडतं.

आता अडेनियम. हे झाड मी सर्वांत कणखर समजून घेतलं होतं. ते आहेच कणखर, पण माझ्यासारख्या लाड करणाऱ्यापुढे नाही. आफ्रिकेत सहाराच्या दक्षिणेला असलेल्या साहेल पट्ट्यापासून पूर्व आफ्रिका आणि अरबस्तानापर्यंतच्या कोरड्या प्रदेशातलं हे झाड, आणि त्याच्या नावात येमेनमधलं एडन हे बंदर आहे. याचा पहिला शास्त्रीय नमुना येमेनमध्ये निसर्गशास्त्रज्ञ पेटर फॉर्सकाल यांनी टिपला. डेन्मार्कच्या राजानं पाठवलेल्या मोहिमेत ते होते आणि १७६३ मध्ये तिथेच मलेरियानं वारले. त्या मोहिमेतून कार्स्टन नीबुर एकटेच जिवंत परतले आणि त्यांनी फॉर्सकाल यांची टिपणं १७७५ मध्ये छापली. त्यात या झाडाला कण्हेरीच्या गोतावळ्यात बसवून 'लठ्ठ कण्हेर' अशा अर्थाचं नाव दिलं होतं. फूल पाहिलं की ते पटतं. बुंधा पाहिला की जास्तच पटतं.

तो लठ्ठ बुंधा म्हणजे पाण्याची टाकी, हे मला ठाऊक होतं. थंडीत झाड पानं गाळून झोपी जातं, हे ठाऊक नव्हतं. आणल्यावर महिन्याभरात पानं पिवळी पडून गळायला लागली, मला वाटलं तहानलंय. पाणी वाढवलं. पानं आणखी गळाली. आणखी पाणी. एक दिवस बुंध्याला हात लावला तर तो एका बाजूनं पिकल्या फळासारखा मऊ. कुंडीतून काढून सुरीनं कुजका भाग पांढरा गर लागेपर्यंत कोरत गेलो. जवळपास एक तृतीयांश बुंधा गेला. कापलेल्या भागावर बुरशीनाशकाची पूड लावली, झाड दोन आठवडे सावलीत नुसतं उघडं, मातीशिवाय पडू दिलं आणि मग भरड वाळू जास्त नि माती कमी अशा मिश्रणात लावलं. पाणी पालवी फुटेपर्यंत शून्य. उन्हाळा तापल्यावर फुटलं. आता बुंधा एका बाजूनं खोबणीसारखा आहे, मुद्दाम कोरल्यासारखा दिसतो. लोक कौतुक करतात, मी गप्प बसतो.

याला दिवसाचं थेट कडक ऊन हवंच. काचेच्या आड ठेवलं तर फांद्या लांबुळक्या होतात आणि फुलं रुसतात. फार कोरड्या उष्णतेत पानांखाली लाल कोळी धरला होता, चार दिवस पाण्याचा जोरदार फवारा मारल्यावर हटला. घेताना एक पाहून घ्यावं: कलमी आहे की बियांचं. कलमाला रंग हमखास तोच मिळतो, बियांच्या झाडाचा रंग सांगता येत नाही, पण बुंधा सहसा जास्त देखणा होतो. आणि याचा चीक विषारी आहे. आफ्रिकेत तो बाणांना लावत आले आहेत आणि त्यातली द्रव्यं थेट हृदयावर काम करतात. छाटताना हातमोजे घालतोच. घरात रांगतं मूल किंवा चावरं मांजर असेल तर हे झाड मी सुचवणार नाही, मग फुलं कितीही सुंदर असोत.

आफ्रिकन व्हायोलेट हे मेलेलं झाड. व्हायोलेटशी त्याचं काही नातं नाही. १८९२ मध्ये आजच्या टांझानियातल्या उसांबारा डोंगरात वॉल्टर फॉन सेंट पॉल-इलेर या जर्मन अधिकाऱ्याच्या नजरेला ते पडलं, त्यानं वडिलांकडे पाठवलं आणि पुढल्याच वर्षी वनस्पतिशास्त्रज्ञ हर्मन वेंडलांड यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन करून सेंट पॉल घराण्याचं नाव दिलं. २०१५ मध्ये ते स्ट्रेप्टोकार्पस या प्रजातीत हलवलं गेलं, तरी बाजारात कुणी त्याला त्या नावानं हाक मारत नाही. सावलीतल्या शेवाळलेल्या खडकांवर, थोड्याशा मातीत ते वाढतं. म्हणजे उजेड हवा पण ऊन नको, ओलावा हवा पण चिखल नको, आणि कुंडी लहानच हवी.

मी मात्र त्याला ऐसपैस कुंडी दिली आणि वरून गार पाण्यानं अंघोळ घातली. पानांवर आधी फिकट कडी उमटली. मला रोग वाटला, पण पाणी पानापेक्षा बरंच थंड असलं की पेशी दुखावतात आणि असे डाग पडतात. मग मधला गाभा सडला. पाचव्या महिन्यात झाड गेलं. जाण्याआधी दोन धडधाकट पानं देठासकट खुडून ओल्या कोकोपीटमध्ये खोचली होती. त्यातल्या एकाच्या बुडाशी अडीच महिन्यांनी नखाएवढी पिल्लं निघाली, आणि पंधराव्या महिन्यात त्यातल्या एकाला जांभळी फुलं आली. आईसारखीच. आता कुंडीच्या भोकातून सुती वात खाली पाण्याच्या वाटीत सोडलीय, लागेल तेवढं पाणी ते ओढून घेतं. उत्तरेच्या खिडकीत, कॉफीच्या मगाएवढ्या कुंडीत, वर्षभर थोडं थोडं फुलणारं दुसरं झाड माझ्या माहितीत नाही. जागा कमी असेल तर डोळे मिटून हेच घ्यावं, फक्त दोन पानं आधीच लावून ठेवावी.

पॉइन्सेटियाबद्दल माझी तक्रार आहे, पण ती झाडाबद्दल नाही. जे लाल म्हणून आपण घेतो ती फुलं नव्हेत, रंगलेली पानं आहेत. खरी फुलं मध्यभागी पिवळ्या मण्यांएवढी. मेक्सिकोत हे तीन-चार मीटर वाढणारं झुडूप आहे. नाव मिळालं ते जोएल पॉइन्सेट या अमेरिकी राजदूतावरून, ज्यांनी १८२० च्या दशकात ते आपल्या देशात नेलं. तिथल्या लोकांचं त्यासाठी स्वतःचं नाव होतं, क्वेत्लाशोचित्ल, पण ते उच्चारायला अवघड म्हणून मागं पडलं असावं. तर हे एवढं मोठं झुडूप दुकानात वीतभर कसं? वाढ रोखणारी औषधं फवारून. आणि त्याला ज्या भरगच्च फांद्या फुटतात त्यामागे त्याच्या शरीरात राहणारा एक सूक्ष्म जीव आहे, फायटोप्लाझ्मा. एरवी फायटोप्लाझ्मा म्हणजे पिकाचा रोग, इथे तोच शोभेचं कारण. औषधाचा असर ओसरला की झाड सुटतं. माझं एका उन्हाळ्यात कमरेएवढं झालं. हे चिठ्ठीवर लिहायला हवं होतं.

लाल रंग परत हवा असेल तर आठ-दहा आठवडे रोज साधारण चौदा तास सलग अंधार लागतो. मी संध्याकाळी पाच वाजता खोका पालथा घालायचो, सकाळी सातला काढायचो. मध्ये कुणी दिवा लावून डोकावलं तरी गणित बिघडतं. प्रवासामुळे आणि विसराळूपणामुळे सहा-सात दिवस चुकले. परिणाम असा की पानं आली ती अर्धी लाल, अर्धी हिरवी, कच्च्या टोमॅटोसारखी. मला ती तशीही आवडली, घरात बहुमत माझ्या विरुद्ध गेलं. ज्यांना दरवर्षी तेच लखलखीत झाड हवंय त्यांनी ते ऋतूपुरतं घ्यावं आणि जीव लावू नये. मी लावलाय, म्हणून छाटणी करून ठेवलंय. चीक हाताला लागला तर खाज सुटते, एवढं सांभाळावं.

सध्याची स्थिती: ऑर्किडवर शेवटची दोन फुलं आहेत आणि दांड्याच्या मधल्या गाठीवर एक छोटं पान फुटलंय. दुसरा दांडा नव्हे, पिल्लू, म्हणजे नवं रोपटं असावं असं वाटतं. त्याला बोटभर मुळं फुटेपर्यंत कापायचं नाही. अडेनियमला नऊ कळ्या. व्हायोलेटच्या वातीला हिरवट शेवाळ धरलंय, ती या रविवारी बदलायची आहे.