मुलांना शिक्षक कसे दिसतात? ४८ प्रश्नांची ‘क्यूटीआय’ वापरण्याआधी

नेदरलँड्समधल्या उत्रेख्त विद्यापीठात थेओ वुबेल्स आणि सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात ‘क्यूटीआय’ (क्वेश्चनेअर ऑन टीचर इंटरॅक्शन) बेतली: शिक्षक वर्गात कसे वागतात हे मुलांनाच विचारणारी प्रश्नावली. मूळ डच प्रश्न ७७. शाळेत चालवायला सोपी आहे ती ऑस्ट्रेलियात झालेली ४८ प्रश्नांची छोटी आवृत्ती, आणि आम्ही शिफारस करतो ती हिचीच.

शिक्षकांचं विषयज्ञान ती मोजत नाही, फक्त वागणं मोजते. त्याची आठ अंगं: वर्गावरची पकड, मदत, समजून घेणं, मोकळीक, चाचरणं, नाराजी, रागावणं, कडकपणा. प्रत्येकाचे सहा प्रश्न; ‘कधीच नाही’ला ०, ‘नेहमी’ला ४. एका अंगाचे जास्तीत जास्त २४.

बेरजेत घोटाळा होतो, कारण प्रश्न ओळीने नाहीत. पकडीचे १, ५, ९, १३, १७, २१; कडकपणाचे २८ पासून दर चौथा. पहिल्या २४ प्रश्नांत चार अंगं संपतात, बाकीची चार पुढे. मुलं कंटाळून उत्तरार्ध कसाबसा भरतात तेव्हा मदत, मोकळीक, नाराजी आणि कडकपणा ही चारही एकदम वाया जातात. म्हणून तास संपता संपता कागद वाटू नका.

मराठी करताना खरी कसोटी ‘कडक’ या शब्दाची. ‘आमचे सर कडक आहेत’ यात कौतुकही असतं. त्यापेक्षा वागणं लिहा: ‘गृहपाठ राहिला तर सर चालवून घेत नाहीत’ हा कडकपणा, ‘सर चटकन चिडतात’ हे रागावणं. दोन्ही एकात मिसळलं की निष्कर्ष चुकतो.

डच पदार्थविज्ञानाच्या वर्गांत पकड जाणवली तिथे गुण जास्त दिसले, जवळीक जाणवली तिथे विषयाची गोडी जास्त. मुलांचे आवडते शिक्षक एवढ्यावर समाधान मानू नये ते यासाठी. अर्थात हा संबंध आहे, कारण नव्हे. चांगले गुण पडणाऱ्याला शिक्षकही आवडू लागतात.

नुसती सरासरी फसवते. ४० जणांच्या वर्गात ‘मदत’ १२ आली, पण २० मुलांनी २० आणि २० मुलांनी ४ दिले असतील, तर मागच्या बाकांकडे लक्ष द्यायला हवं. शिक्षकांनीही तोच फॉर्म स्वतःविषयी भरावा. बहुतेकांना आपण मुलांना दिसतो त्याहून समजूतदार वाटतो, आणि ही तफावतच सगळ्यात मोलाची.

नाव नको, हजेरी क्रमांक नको, भरताना ते शिक्षक वर्गात नकोत. आणि हे कागद गोपनीय अहवालाला जोडू नका; तशी कुणकुण लागली की मुलं चांगल्या प्रश्नांना सरसकट ४ ठोकून मोकळी होतात.