चायना ऑरेंज: झाडाला चार तारे, चिठ्ठीला एक

जानेवारीत घोडबंदर रोडवरच्या एका नर्सरीतून साडेतीनशे रुपयांना चायना ऑरेंजचं झाड आणलं. दोन फूट उंची, सुपारीपेक्षा जरा मोठी केशरी फळं, मोजून बावीस. कुंडीत खोचलेल्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, ‘गोड संत्रा (मिनी)’. नक्की गोड का, असं विचारलं तर नर्सरीवाला म्हणाला, “मॅडम, नागपूरचीच जात, फक्त कुंडीसाठी लहान केलीय.”

घरी नातवाने पहिलंच फळ सोलून अख्खं तोंडात टाकलं आणि एक डोळा मिटून माझ्याकडे बघत राहिला. “आजी, लिंबू आहे हे!” सोललेली साल मी चावून पाहिली, तर ती गोड. म्हणजे जे फेकायचं ते गोड आणि जे खायचं ते जिभेला झिणझिण्या आणणारं.

एकतीस वर्षं मी कॉलेजच्या वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत काढली. वाळवलेल्या नमुन्यांच्या शीटवर नावाच्या चिठ्ठ्या डकवणं हे त्यातलं निम्मं काम. त्यामुळे झाड आंबट निघालं त्याचं काही नाही, चिठ्ठी खोटी निघाली हे मला झोंबलं.

हे नागपुरी संत्रं नाही. संत्र्याच्या कुळीतलं मँडरिन आणि कुमक्वाट हे छोटं चिनी फळ यांचा हा संकर, कॅलामॉन्डिन. गोड साल कुमक्वाटकडून आली, कारण ते फळ सालीसकटच खातात. बी आडवी कापली तर आत हिरवी दिसते, मँडरिनच्या बीसारखी. मोसंबीची बी आत पांढरी असते. नावाची गंमत तर आणखी वेगळी. कुमक्वाट आधी सिट्रस या प्रजातीतच, म्हणजे लिंबू-संत्र्यांच्या गटातच होतं. 1915 साली स्विंगल या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञांनी ते बाहेर काढून त्याची फॉर्च्युनेला ही स्वतंत्र प्रजाती केली, 1846 मध्ये कुमक्वाट युरोपात नेणाऱ्या रॉबर्ट फॉर्च्युन यांच्या नावावरून. मग आमच्या या झाडाचे आईबाप दोन वेगळ्या प्रजातींतले ठरले आणि त्याला दोन्ही नावं जोडून × सिट्रोफॉर्च्युनेला असं लांबलचक नाव मिळालं, फुली सगळ्यात पुढे. पुढे कुमक्वाट परत सिट्रसमध्ये घेतलं, तशी फुली सरकून मधे आली: सिट्रस × मायक्रोकार्पा. फुली पुढे असेल तर संकर दोन प्रजातींमधला, मधे असेल तर एकाच प्रजातीतल्या दोन जातींमधला. आमच्याकडे या फुलीवरून तोंडी परीक्षेत पोरांची दांडी उडायची.

आणि संकर म्हणून नाक मुरडू नका. आपलं कागदी लिंबूही संकरच, त्यात महाळुंगाचं रक्त आहे. मोसंबी पपनस आणि मँडरिनच्या मिश्रणातून आलेली.

आता झाडाबद्दल. पंधरा दिवसांत अकरा फळं गळली. कुंडी उलटी केली तर लाल मातीचा दगडासारखा गोळा. पाणी कडेकडेने खाली जात होतं, मुळं कोरडीच. माती, शेणखत आणि थोडं कोकोपीट घालून कुंडी बदलली, तेव्हा कुठे ते सावरलं. एप्रिलमध्ये फुललं. नवव्या मजल्यावर रात्री दार उघडं ठेवलं की वास थेट हॉलपर्यंत. जूनमध्ये कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसू लागल्या; लोह कमी पडलं होतं, फवारल्यावर सुधारलं. मग पानांवर पक्ष्याची शीट पडल्यासारखे ठिपके दिसले. त्या लिंबाच्या फुलपाखराच्या अळ्या होत्या. काडी लावली की डोक्यातून केशरी शिंगं काढतात आणि उग्र वास सोडतात. शेजारच्या कढीपत्त्यावरही होत्याच. कढीपत्ता, बेल, कवठ सगळी लिंबाच्याच कुलातली. दोन राहू दिल्या, बाकीच्या काढल्या.

फळांचं काय करायचं ते वरच्या मजल्यावरच्या काकांनी सांगितलं. ते जहाजावर होते. झाड बघून म्हणाले, “अहो, ही कलमन्सी! आमचे फिलिपिनो आचारी हिच्याशिवाय मासा वाढायचे नाहीत.” तिकडे ती हिरवी असतानाच तोडतात, भाजलेल्या माशावर, नूडल्सवर पिळतात, सोया सॉसमध्ये रस घालून चटणीसारखी लावून खातात. मी मात्र केशरी व्हायची वाट बघत बसले होते!

तेव्हापासून हिरवीच तोडते. तळलेल्या बोंबलांवर तर कागदी लिंबापेक्षा मला ही आवडते, आंबटपणाला मागून संत्र्याचा वास येतो. सरबताला आठ-दहा फळं लागतात आणि बिया निघतात, म्हणून गाळणी हवीच. पिकलेल्यांचं सालीसकट, साखर आणि तिखट घालून लोणचं केलं. गोड साल तिथे कामाला आली. पोह्यांवर मात्र नको, पोह्यांना आपलं लिंबूच.

ऑगस्टमध्ये त्याच नर्सरीत जाऊन नीट अक्षरात नवी चिठ्ठी लिहून दिली: ‘कॅलामॉन्डिन. आंबट. लिंबासारखं वापरा.’ त्याने वाचली आणि म्हणाला, “आंबट लिहिलं तर कोण घेणार, मॅडम?” घ्यायला जाल तर भरपूर फळांचं झाड बघून भुलू नका. कुंडीतल्या मातीत बोट खुपसून बघा, आणि कमी फळांचं पण नवी पालवी फुटलेलं निवडा. तीनशेला देतो, मी पन्नास जास्त दिले.