ट्रेकसाठीचा पाण्याचा फिल्टर : पावसाळा ते उन्हाळा वापरल्यानंतर

सोलापूरकरांना गडावर जायचं तर आधी सोलापूर सोडावं लागतं. रात्रीची सिद्धेश्वर पकडून पहाटे कल्याण, तिथून एसटीने खुबी फाटा, मग खिरेश्वर आणि टोलार खिंडीतून हरिश्चंद्रगड. एवढा प्रवास करून चढायला लागल्यावर पाठीवर चार-पाच लिटर पाणी नको वाटतं. म्हणून गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर पोकळ तंतूंचा फिल्टर घेतला. वजन शंभर ग्रॅमच्या आत. मऊ पिशवीत पाणी भरायचं, तोंडावर फिल्टर फिरवून बसवायचा आणि पिशवी दाबायची. कोल्ड्रिंकच्या बाटलीवरही तो बसतो, आणि खरं सांगायचं तर मी आता बाटलीच वापरतो. पिळून पिळून पिशवीची शिवण सुटते.

आत बारीक नळ्यांचा जुडगा असतो. त्यांच्या भिंतीतली छिद्रं ०.१ मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरचा दहा हजारावा भाग. टायफॉइड आणि कॉलऱ्याचे जिवाणू, जिआर्डियासारखे परजीवी यांतून जाऊ शकत नाहीत. विषाणू मात्र जातात. काविळीचा हिपॅटायटिस ए हा विषाणू साधारण ०.०३ मायक्रॉनचा असतो, त्याला ही छिद्रं म्हणजे उघडं दारच. गडावरच्या टाक्याच्या वरच्या अंगाला माणसांचा वावर असेल, तर मी गाळलेल्या पाण्यात क्लोरीनची गोळी टाकून अर्धा तास थांबतो. आधी गाळायचं, मग गोळी, हा क्रम सोडू नका. गढूळ पाण्यात टाकलेलं क्लोरीन गाळ आणि काडीकचऱ्यावरच खर्ची पडतं. शिवाय क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी गोळीला दाद देत नाही, तो फिल्टरमध्येच अडतो. जवळ गोळी नसेल तर पाणी उकळा.

फिल्टरच्या जाहिरातीत नेहमी निळाशार झरा दिसतो. आपल्याकडे जुलैत ओढ्याला पाणी येतं ते माती घेऊनच. असं पाणी थेट दाबलं की लिटरभरातच धार बारीक होते, आणि मग लोक म्हणतात फिल्टर बेकार निघाला. बेकार नसतो, तुंबलेला असतो. मुक्कामाला पोचल्यावर मी पातेलंभर पाणी झाकून ठेवतो. फार गढूळ असेल तर तुरटीचा खडा तीन-चारदा फिरवतो. आमच्या आजीच्या घरी रांजणात हेच चालायचं. सकाळपर्यंत माती तळाला बसते. वरचं निवळ पाणी न हलवता, दुहेरी सुती रुमालातून बाटलीत घ्यायचं आणि मगच फिल्टर लावायचा. एवढं केलं की एकट्याने बसून चौघांचं पाणी काढता येतं.

दुसरं काम बॅकवॉशचं. फिल्टरसोबत मोठी सिरिंज येते, तिने स्वच्छ पाणी उलट्या बाजूने जोरात मारायचं. हळू मारलं तर पाणी मोकळ्या नळ्यांतून निघून जातं आणि तुंबलेल्या तशाच राहतात. पहिल्या दाबाला कोऱ्या चहासारखं पाणी बाहेर येतं, मग पिवळट, मग नितळ. नितळ आल्यावरही आणखी दोन-चार सिरिंज मारा. यासाठी लागणारं पाणी गाळलेलंच हवं, म्हणून शेवटचा पेलाभर पिऊन टाकू नका.

आता खास आपल्या सोलापूरची गोष्ट. नळाला रोज पाणी नाही, त्यामुळे घरोघरी बोअर, आणि बोअरचं पाणी जड. बादलीच्या कडेला पांढरी पुटं चढतात ती सगळ्यांनी पाहिली आहेत. त्याच पाण्याने फिल्टर धुऊन वाळवला की क्षार त्या बारीक छिद्रांत बसतात. हिवाळ्यात माझ्या फिल्टरचं पाणी थेंबाथेंबाने यायला लागलं आणि बॅकवॉशने काही फरक पडेना. पांढऱ्या व्हिनेगरमध्ये अर्धा तास बुडवून, कोमट पाण्याने पुन्हा बॅकवॉश केला तेव्हा धार परत आली. तेव्हापासून घरी आल्यावरचा शेवटचा बॅकवॉश मी आरओच्या पाण्याने करतो. महिनोन् महिने ठेवून द्यायचा असेल तर किंचित क्लोरीनचं पाणी आतून फिरवायचं, झटकायचं आणि सावलीत उघडा वाळवायचा. ओला फिल्टर डबीत बंद केला की वास धरतो. पुढच्या ट्रेकआधी तो पाण्यात भिजवून ठेवायचा, कारण कोरड्या नळ्या सुरुवातीला पाणी सोडत नाहीत.

उजनीच्या काठावर तंबू टाकणाऱ्या पोरांना माझं कळकळीचं सांगणं आहे : तिथलं पाणी याने गाळून पिऊ नका. पुणे-पिंपरीचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि तिथून उजनीत येतं. विरघळलेली रसायनं, क्षार आणि हिरव्या शेवाळातून पाण्यात उतरणारी विषारी द्रव्यं हा फिल्टर अडवत नाही. पाणी काचेसारखं दिसेल, पण आतलं तसंच राहील. तिथे घरून नेलेलं पाणीच प्यावं.

फिल्टर खडकावर पडला तर तपासायची एक सोपी रीत आहे. नळ्या पूर्ण ओल्या करा, रिकाम्या बाटलीत हवा ठेवून फिल्टर बसवा, बाहेरचं तोंड पाण्यात बुडवून बाटली दाबा. धड असलेल्या ओल्या नळ्या हवा सोडत नाहीत. बुडबुडे येतच राहिले तर आत काहीतरी फुटलंय, तो फिल्टर टाकून द्या. हिमालयात नेणार असाल तर हेच गोठण्याबाबत लक्षात ठेवा. आतलं पाणी गोठलं की नळ्या तडकतात आणि बाहेरून काही दिसत नाही. रात्री तो पिशवीत घालून स्लीपिंग बॅगमध्ये, अंगाशी घेऊन झोपा.