घरच्या वायफायवर ऑल-इन-वन प्रिंटर: काही महिने वापरल्यावरचं मत

प्रिंट, स्कॅन आणि झेरॉक्स तिन्ही करणारा, वर कागदांचा गठ्ठा ठेवला की आपोआप ओढून घेणारा फीडर असलेला, शाईच्या टाक्यांचा प्रिंटर घरात येऊन आता बरेच महिने झालेत, त्यामुळे लिहायला हरकत नाही. मॉडेलचं नाव टाकत नाहीये, कारण सांगायचंय ते मशीनबद्दल कमी आणि वायफायबद्दल जास्त आहे. घ्यायच्या आधी ढीगभर रिव्ह्यू वाचले, सगळे सांगतात मिनिटाला पानं किती, शाई किती पुरते, फोटो कसा येतो. अरे पण तो मधूनच "ऑफलाइन" का दाखवतो ते सांगा ना कुणीतरी!

मशीनचं आधी उरकून टाकते. प्रिंट छान येते. काळी शाई पिगमेंटची आहे त्यामुळे काळा मजकूर ओल्या बोटाने फारसा पसरत नाही, रंगीत शाई डायची आहे ती पसरते, त्यामुळे रंगीत पान ताजं असताना हात लावू नका. साधा ८० जीएसएमचा (चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाचा) कागद विनातक्रार ओढतो, पातळ कागदावर मागची बाजू दिसते आणि फीडरमध्ये दोन पानं एकदम जातात. आवाज आहे, पण चालतो. बास, बाकी त्यात लिहिण्यासारखं काही नाही.

आता सेटअप. बॉक्समधल्या कागदावर तीन चित्रं, अ‍ॅप टाका, बटण दाबा, झालं. अ‍ॅप टाकलं तर आधी लोकेशन मागतं, मग अकाउंट उघडा म्हणतं, मग शाई घरपोच पाहिजे का विचारतं, आणि हे सगळं झाल्यावर सांगतं की प्रिंटर सापडला नाही. लोकेशनचं एक वेळ समजू शकते, बऱ्याच अँड्रॉइड फोनवर आजूबाजूचं वायफाय शोधायला ती परवानगी लागतेच. अकाउंटचं मात्र काही कारण नाही, शेवटी मी ते अ‍ॅप फक्त प्रिंटरला वायफायचा पासवर्ड देण्यापुरतं वापरलं आणि काढून टाकलं. खरं तर तेवढंही लागत नाही. प्रिंटरच्या स्क्रीनवरूनच नेटवर्क निवडून पासवर्ड टाकता येतो, दोन ओळींच्या स्क्रीनवर बाणाची बटणं दाबत दाबत एकेक अक्षर शोधायचं म्हणजे जीव जातो, पण एकदाच करायचंय.

राउटरवरचं डब्ल्यूपीएस (पासवर्ड न टाकता जोडायची सोय) बटण दाबून दोन मिनिटांच्या आत प्रिंटरवरचं दाबलं तरी जोडला जातो. जोडून झालं की राउटरमधून डब्ल्यूपीएस बंद करून टाका, त्याच्या पिनवाल्या पद्धतीतली भोकं २०११ पासून जगजाहीर आहेत.

पासवर्ड बरोबर टाकूनही जोडला जात नसेल तर बहुतेक वेळा मामला २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या वायफायच्या दोन बँडचा (म्हणजे लहरींच्या पट्ट्यांचा) असतो. घरगुती प्रिंटरांमध्ये अजूनही कितीतरी असे आहेत जे फक्त २.४ वर चालतात, त्यांना ५ वालं नेटवर्क दिसतच नाही. आणि हल्लीचे राउटर दोन्हीला एकच नाव देतात, मग फोन ५ वर, प्रिंटर २.४ वर, आणि अ‍ॅपला वाटतं दोघं वेगळ्या घरात राहतात. चालू झाल्यावर दोघं वेगळ्या बँडवर असले तरी काही बिघडत नाही, राउटर मध्ये असतो तो पोचवतो, फक्त पहिल्यांदा जोडताना फोनही २.४ वर असलेला बरा. मी राउटरमध्ये जाऊन तेवढ्या वेळापुरतं ५ बंद केलं, जोडलं, परत चालू केलं. दुसरं कारण म्हणजे सुरक्षेचा प्रकार. राउटर फक्त डब्ल्यूपीए३ या नव्या प्रकारावर ठेवला असेल तर जरा जुन्या धाटणीचे प्रिंटर येतच नाहीत, डब्ल्यूपीए२ आणि ३ मिश्र ठेवावं लागतं. तिसरं, गेस्ट (पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या) नेटवर्कवर प्रिंटर टाकू नका. तिथल्या मशीन एकमेकांना दिसूच नयेत अशीच त्याची रचना असते, इंटरनेट मस्त चालतं आणि प्रिंट कधीच होत नाही, आणि माणूस ड्रायव्हर (कॉम्प्युटरला प्रिंटर चालवायला लागणारं सॉफ्टवेअर) काढून टाकून काढून टाकून थकतो.

तर हे झालं, टेस्ट पेज निघालं, सगळे खूश. आणि मग काही दिवसांनी नेमकं घाईच्या वेळी लॅपटॉप म्हणतो प्रिंटर ऑफलाइन आहे. प्रिंटर समोर हिरवा दिवा लावून बसलाय, त्याच्याच स्क्रीनवरून झेरॉक्स निघतेय, फोनवरून प्रिंट जातेय, आणि लॅपटॉप ऐकायला तयार नाही. नेटवर जिकडे तिकडे सल्ला एकच, प्रिंटर काढा आणि परत अ‍ॅड करा. ते केलं की चालतं. काही दिवसांनी परत तेच. म्हणजे रोग तसाच राहतो आणि आपण दर वेळी नवा कागद काढून नाव घालत बसतो.

खरं कारण अगदी साधं आहे. राउटर घरातल्या प्रत्येक मशीनला आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा घर क्रमांक, देतो पण तो ठरावीक मुदतीपुरता, मुदत किती ते राउटरवर ठरतं, बऱ्याच ठिकाणी २४ तास असते. प्रिंटर रात्री बंद केला, लाईट गेली, राउटर रीस्टार्ट झाला की परत येताना दुसराच पत्ता मिळू शकतो. काल १९२.१६८.१.२३ होता, आज १९२.१६८.१.३१. आणि विंडोजने प्रिंटर अ‍ॅड करताना जुना पत्ता पोर्टमध्ये (प्रिंट कुठे पाठवायची त्या नोंदीत) लिहून ठेवलेला असेल तर तो पोस्टमनसारखा जुन्याच दारावर थापा मारत बसतो. फोन मात्र दर वेळी नव्याने हाक मारून विचारतो की बाबा कोण कोण प्रिंटर आहे इथे, म्हणून फोनला ही अडचण येत नाही.

यावर इलाज एकच आणि तो कायमचा: राउटरच्या डीएचसीपी (म्हणजे पत्ते वाटायच्या) सेटिंगमध्ये जाऊन प्रिंटरसाठी पत्ता राखून ठेवा. रिझर्व्हेशन म्हणतात, काही राउटरवर बाइंडिंग असं काहीतरी लिहिलेलं असतं. त्याला लागतो प्रिंटरचा मॅक पत्ता (नेटवर्कसाठी मशीनला आधीच दिलेला ओळख क्रमांक, अॅपलच्या मॅकशी याचा संबंध नाही), तो नेटवर्क रिपोर्ट छापला की त्या पानावर मिळतो. ज्या प्रिंटरला केबलचं नेटवर्क पोर्टही असतं त्याचे मॅक दोन असतात, वायफायचा वेगळा आणि केबलचा वेगळा, त्यातला वापरतोय तोच टाकायचा. काही लोक प्रिंटरच्या मेनूतच जाऊन स्थिर पत्ता घालतात. तेही चालतं पण तो पत्ता राउटरच्या वाटपाच्या यादीतला असला तर एक दिवस तोच पत्ता राउटर टीव्हीला देऊन मोकळा होतो आणि मग दोघंही धड चालत नाहीत. त्यामुळे राउटरमधून केलेलं उत्तम.

पत्ता पक्का झाल्यावर विंडोजवर प्रिंटर एकदाच शेवटचा अ‍ॅड करायचा, पण "आपोआप शोध" वर न सोडता, पत्ता टाकून टीसीपी आयपी वाला पर्याय घेऊन. आपोआप शोधलं की बऱ्याचदा डब्ल्यूएसडी नावाचं पोर्ट बनतं आणि सततच्या ऑफलाइनमागे पुष्कळदा तेच असतं. आणि हे करूनही ऑफलाइन दाखवत असेल तर प्रिंटर प्रॉपर्टीज, पोर्ट्स, कॉन्फिगर पोर्ट इथे एसएनएमपी स्टेटस अशी टिकमार्क आहे, ती काढा. विंडोज त्या मार्गाने प्रिंटरची खुशाली विचारतं, उत्तर आलं नाही की प्रिंटर जिवंत असतानाही गेला म्हणून जाहीर करतं. ही एक टिकमार्क काढल्यापासून आमच्याकडे तो शब्द परत दिसलेला नाही. इतकी महत्त्वाची गोष्ट चार खिडक्या आत कशाला लपवून ठेवली असेल देव जाणे.

ड्रायव्हरबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. कंपनीचं मोठंच्या मोठं सॉफ्टवेअर टाकू नका. आयफोनमध्ये एअरप्रिंट (वेगळा ड्रायव्हर न टाकता प्रिंट करायची सोय) २०१० पासून आहे, मॅकमध्येही ते आहे, अँड्रॉइडमध्ये ८ पासून प्रिंट सेवा आतच येते, आणि विंडोजसुद्धा त्याच दिशेने चाललंय, मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्येच सांगून टाकलंय की विंडोज अपडेटमधून कंपन्यांचे वेगवेगळे ड्रायव्हर देणं हळूहळू थांबवणार. या सगळ्यांच्या मुळाशी आयपीपी नावाची एकच भाषा आहे, आणि अलीकडचा जवळपास कुठलाही प्रिंटर ती बोलतो. घरात एक विंडोज, एक मॅक आणि सगळ्यांचे फोन, कंपनीचं सॉफ्टवेअर एकावरही नाही, आणि काही अडत नाही. फक्त शाईची पातळी आणि नोझल (शाई सोडणारी बारीक छिद्रं) साफ करणं यासाठी ब्राउझरमध्ये प्रिंटरचा पत्ता टाकायचा, त्याचं स्वतःचं पान उघडतं. ब्राउझर ओरडतो की कनेक्शन सुरक्षित नाही, कारण प्रिंटरने सर्टिफिकेट स्वतःच स्वतःला दिलेलं असतं, घरातल्या घरात त्याला घाबरायचं कारण नाही. तिथे गेलात की अ‍ॅडमिनचा पासवर्ड तेवढा बदला. आणि वायफाय डायरेक्ट (राउटरशिवाय फोन थेट प्रिंटरला जोडायची सोय) वापरत नसाल तर तेही तिथेच बंद करा, नाहीतर प्रिंटर स्वतःच्या नावाचं वेगळं नेटवर्क दिवसभर हवेत सोडत राहतो.

फोनला मधेच प्रिंटर दिसेनासा झाला तर आधी व्हीपीएन (फोनचं कनेक्शन दुसऱ्या नेटवर्ककडे वळवणारी सोय) बघा. घरात कुणीतरी ऑफिसचं व्हीपीएन चालू ठेवून प्रिंट मारत असतं आणि दोष प्रिंटरला. रेंज वाढवायला लावलेल्या जास्तीच्या डब्यांमुळेही कधीकधी फोनची प्रिंटर शोधायची हाक पलीकडे पोचत नाही, अशा वेळी डब्याचं सेटिंग राउटर न ठेवता अ‍ॅक्सेस पॉइंट किंवा ब्रिज ठेवायचं, नाहीतर घरात दोन वेगवेगळी नेटवर्क तयार होतात.

स्कॅनिंगला मी वापरेपर्यंत फार भाव देत नव्हते, पण आता प्रिंटपेक्षा तेच जास्त होतं. जुन्या फायली, मुलांच्या गुणपत्रिका, वॉरंटीचे कागद, गठ्ठा फीडरमध्ये ठेवायचा आणि बाजूला व्हायचं. त्याआधी स्टेपलरच्या पिना काढा, एक राहिली तरी काचेच्या पट्टीवर ओरखडा, आणि मग प्रत्येक स्कॅनमध्ये वरपासून खालपर्यंत एक उभी रेघ. रेघ आली तर आधी ती बारीक पट्टी ओलसर कापडाने पुसून बघा, निम्म्या वेळा धूळच असते. रिझोल्यूशन ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) पुरे. ए४ पान ३०० ला २४८० बाय ३५०८ पिक्सेल होतं, ६०० केलं की पिक्सेल चौपट आणि वायफायवरून वाट बघत बसा, वाचायला फरक शून्य. ६०० फक्त जुन्या फोटोंना.

स्कॅन टू फोल्डर मात्र डोकेदुखी आहे. प्रिंटरवरून बटण दाबलं की फाइल सरळ लॅपटॉपच्या फोल्डरमध्ये, ऐकायला भारी. पण कित्येक प्रिंटर ते एसएमबी१ या नेटवर्कवरून फाइल पाठवायच्या जुन्या पद्धतीने करतात आणि विंडोज १० मध्ये २०१७ च्या अपडेटनंतर नव्याने टाकलेल्या सिस्टिमवर ती मुळात नसतेच. नेटवर लोक सांगतात ती परत चालू करा. करू नका, ती काढली त्याला कारण आहे. स्कॅन टू ईमेलचंही तसंच, जीमेलने २०२२ पासून नुसत्या पासवर्डवर अशा मशीनना आत घेणं थांबवलंय, दोन टप्प्यांची पडताळणी चालू करून वेगळा अ‍ॅप पासवर्ड बनवायचा आणि तो ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या प्रिंटरच्या त्या पानावर टाकायचा. एकदा केलं की चालतं. मी बऱ्याचदा सरळ मॅकवरून किंवा फोनवरून स्कॅन ओढून घेते, तो मार्ग जोडल्या जोडल्या चालतो आणि काही सेट करावं लागत नाही.

शाईचं थोडक्यात. टाकीवाला असला तरी न वापरता पडून राहिला की नोझल सुकतात, आठवड्यातून एखादं रंगीत पान काढलेलं बरं. आधी नोझल चेक छापा, तुटक रेघा दिसल्या तरच क्लीनिंग, कारण प्रत्येक क्लीनिंगला बरीच शाई वाया जाते आणि ती आतल्या पॅडमध्ये मुरते, तो पॅड भरला की प्रिंटर सरळ अडून बसतो. आणि बंद करताना मशीनवरच्याच बटणाने, भिंतीवरच्या स्विचने नाही. बटणाने बंद केलं की शाई सोडणारं हेड जागेवर जाऊन झाकलं जातं, स्विचने केलं तर उघडंच राहू शकतं.

तक्रार म्हणावी तर झोपेची. बराच वेळ वापरला नाही की गाढ झोपतो आणि पहिलं पान यायला इतका वेळ लावतो की घरातलं कुणीतरी परत परत प्रिंट दाबतं आणि मग एकदम चार प्रती बाहेर. झोपायची वेळ सेटिंगमधून वाढवता येते, वीज थोडी जास्त जाते.

अजून एक, राउटर बदलणार असाल तर नव्याला वायफायचं नाव आणि पासवर्ड अक्षरशः जुनंच द्या, कॅपिटल स्मॉल सकट. प्रिंटर आपणहून जोडला जातो, ती दोन ओळींची स्क्रीन परत बघावी लागत नाही. राखून ठेवलेला पत्ता मात्र जुन्या राउटरबरोबरच जातो, तो नव्यात पुन्हा टाकायचा, आणि शक्यतो तोच आकडा टाका म्हणजे लॅपटॉपला हात लावावा लागणार नाही. नवा राउटर १९२.१६८.० वाला निघाला आणि जुना १९२.१६८.१ वाला असेल तर आधी नव्या राउटरचाच पत्ता जुन्यासारखा करून घ्या, मग बाकीचं.